पिकअपचा बेल्टवरचा फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन बसवायचाय? नागपूरच्या उन्हात करून बघितलेलं सगळं

मे महिन्यात दुपारी कळमना मार्केटच्या गेटपाशी लाइनीत गाडी उभी आहे, मागे माल भरलेला, पुढचा ट्रक दर पाच मिनिटांनी एक हात सरकतो, इंजिन आयडलवर घरघरतंय आणि टेम्परेचरचा काटा हळूहळू वर चढून राहिलाय. ज्यांनी हे बघितलंय त्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. माझी जुनी १२ व्होल्टची डिझेल पिकअप आहे, काटोलकडून संत्रा-भाजी आणायची, तिचा इंजिनवरचा फॅन काढून मी दोन इलेक्ट्रिक फॅन बसवले. एकदा चुकीचे बसवले, मग नीट बसवले. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्या भावांसाठी सगळं लिहितोय, गाडीचं वायरिंग कधी उघडलं नसेल तरी कळेल असं.

पण सुरू करायच्या आधी कोणी करू नये ते सांगतो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. दहाचाकी, बाराचाकी, टिप्पर, उमरेडकडं कोळसा वाहणाऱ्या मोठ्या गाड्या, यांनी या भानगडीत पडूच नका. मोठ्या ट्रकचा फॅन पूर्ण फिरतो तेव्हा तो एकटाच ३०-४० हॉर्सपॉवर सुद्धा खातो, म्हणजे तेवढ्या ताकदीने हवा ओढतो. आपले १२ व्होल्टचे दोन इलेक्ट्रिक फॅन मिळून ३० अँपिअर घेतात, गुणिले साडेतेरा व्होल्ट, झाले ४०० वॅट, म्हणजे जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. कुठं ते आणि कुठं हे. लोडेड गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढते तेव्हा इंजिनची उष्णता सगळ्यात जास्त आणि समोरून येणारी हवा सगळ्यात कमी, तिथं इंजिनसोबत जोरात फिरणारा फॅनच कामाचा. रोज चिखलदऱ्यासारख्या चढावर माल नेत असाल तर छोट्या गाडीला सुद्धा मी नको म्हणेन. आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बऱ्याचदा फॅनवर स्वतःच लक्ष ठेवून असतो, तिथं हात घालू नका, वॉरंटीतली असेल तर मग अजिबातच नाही.

मग राहिलं कोण? जुनी पिकअप, छोटा ट्रक, १२ व्होल्ट, जास्त वेळ शहरात, गर्दीत, मार्केटच्या लाइनीत जाणारी गाडी. तिला फायदा आहे. बेल्टवरचा फॅन इंजिनसोबत फिरतो, आयडलला इंजिन साताठशे आरपीएमवर असतं तेव्हा फॅन पण तेवढाच सुस्त, म्हणजे हवेची गरज असते नेमकं तेव्हाच तो झोपलेला. आणि हायवेवर समोरून फुकटची हवा येतेय तेव्हा हा आपला जोरात फिरून राहिलाय, आणि फॅनचा हिशोब असा असतो की स्पीड दुप्पट झाली की ताकद आठपट लागते. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनच्या स्पीडशी देणंघेणं नाही, गाडी उभी असो की पळत असो त्याची हवा तीच. डिझेल किती वाचेल हे विचारू नका, मी डिझेलसाठी केलं नाही आणि तुम्ही पण त्या आशेवर करू नका, कारण ती वीज पण शेवटी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) इंजिनकडूनच घेतो.

आधी गाडीला काय झालंय ते बघा

मी वाडीला एका वायरिंगवाल्या काकांकडे गेलो होतो, अमरावती रोडवर, पंचवीस-तीस वर्षं ट्रकच्या वायरी बघणारा माणूस. म्हटलं काका इलेक्ट्रिक फॅन टाकून द्या, गाडी गरम होऊन राहिली. त्यांनी बोनट पण नाही उघडलं. म्हणाले, "काहून बे, ताप कायचा हाय ते पायल्याशिवाय गोळी देतं का कोनी? अगोदर जाळी धुवून पाय, मंग फॅनचं बोल."

त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोच तुम्ही स्वतःला विचारा. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना गरम होते आणि साठवर पळाली की काटा खाली येतो? मग हवेचा प्रॉब्लेम आहे, फॅनचा विचार करायला हरकत नाही. पळताना सुद्धा गरम होते? मग हवा भरपूर आहे तरी गरम होतेय, म्हणजे रेडिएटर आतून चोक असेल, थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल, वॉटर पंपचा पंखा गंजून गेला असेल नाहीतर हेड गॅस्केट जात असेल. त्या गाडीला दहा फॅन लावा, काही होणार नाही.

म्हणून थंड गाडीवर आधी हे करून घ्या. रेडिएटरची जाळी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला कमी प्रेशरच्या पाण्यानं धुवा, आपल्याकडे त्यात धूळ, किडे आणि हंगामात कापूस सुद्धा अडकलेला असतो, माझ्या जाळीतून एवढा लगदा निघाला की मूठ भरली. प्रेशर वॉशर जवळ धरू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि मग हवा जायची वाटच बंद. कॅपचं रबर बघा. ०.९ बारची कॅप प्रेशर धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात उकळून बघा उघडतो का, आणि खराब असेल तर नवा टाका, नुसता काढून फेकू नका, आपल्याकडे अर्धे मिस्त्री तेच करतात आणि बऱ्याच इंजिनात त्यामुळे बायपासची वाट उघडी राहून पाणी रेडिएटरमध्ये जायच्या ऐवजी आतल्या आत फिरतं. बोअरचं पाणी भरत असाल तर आजपासून बंद, त्याचा क्षार नळ्यांमध्ये बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.

व्हिस्कस फॅन असेल, म्हणजे मधे गोल डबीसारखा क्लच असलेला, तर गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करून चावी खिशात घालून फॅन हातानं फिरवून बघा. जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय, आणि मग तुमचं काम नव्या व्हिस्कसमध्ये भागेल, पुढचं वाचायची गरज नाही. खरं सांगतो, पाचातल्या दोघा-तिघांचं काम इथंच संपावं अशी माझी इच्छा आहे.

माप आणि खरेदी

संपलं नसेल तर टेप घ्या. रेडिएटरच्या जाळीची लांबी-रुंदी मोजा, आणि जाळीपासून वॉटर पंपच्या पुलीपर्यंत किती जागा आहे ते मोजा (जुना फॅन निघाल्यावर जी जागा उरेल ती). फॅनची मोटर मागे चांगली तीन-चार इंच बाहेर येते, आणि इंजिन माउंटिंगवर हलतं, गिअर टाकला ब्रेक मारला की पुढंमागं होतं, म्हणून मोटर आणि पुलीमध्ये किमान एक इंच मोकळं पाहिजे. १६ इंचाचा एक फॅन जाळीचा २०० चौरस इंच भाग झाकतो, १२ इंचाचे दोन २२५ च्या आसपास. मी दोन घेतले, कारण एक बंद पडला तरी दुसरा घरापर्यंत आणतो.

फॅन पुलर घ्या, म्हणजे रेडिएटरच्या मागे इंजिनच्या बाजूला बसून हवा ओढणारा. समोरून ढकलणारा पुशर हा जागाच नसेल तेव्हाचा उपाय, कारण तो स्वतःच जाळीसमोर अडथळा बनतो. कारच्या रेडिएटरची शराउडसकट (जाळी आणि फॅनच्या मधली पेटी) अख्खी असेंब्ली मापात बसत असेल तर तीच सगळ्यात चांगली, कंपनीच्या मोटरा टिकतात. डब्यावर लिहिलेल्या हवेच्या आकड्यावर जाऊ नका, दुकानात बॅटरीवर लावायला सांगा आणि डीसी क्लॅम्प मीटरने अँपिअर बघा. फार कमी करंट खाणारा मोठा फॅन हवा पण कमीच देतो. माझे दोन्ही चालू असताना १५-१५ अँपिअर घेतात, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

आता अल्टरनेटर. इथं लोक फसतात. जुन्या पिकअपला ४५ अँपिअरचा वगैरे अल्टरनेटर असतो आणि तो आकडा इंजिन पळताना, आयडलला त्याच्या बराच खाली. फॅन ३०, हेडलाइट १०, वायपर, टेललाइट, त्यात केबिनमध्ये एसी असेल तर ब्लोअर आणि कॉम्प्रेसरचा क्लच आणखी पंधरा. बेरीज करा. लाइनीत उभं असताना बॅटरीच रिकामी होत जाणार आणि संध्याकाळी सेल्फ टक-टक करणार. मी ७५ चा टाकला. हा खर्च आधी धरा, फॅन घेतल्यावर आठवू नका.

जुना फॅन काढणं

गाडी पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही हे सगळ्यांना माहीत आहे तरी दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतो. कूलंट काढायचं असेल तर टबात काढा आणि झाकून ठेवा, जमिनीवर सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्रे आणि गाई चाटतात आणि मरतात.

फॅन काही गाड्यांना चार बोल्टवर असतो, काहींना मधे एकच मोठा नट, आणि त्या नटाचे आटे काही गाड्यांत उलटे असतात, म्हणून जोर लावायच्या आधी कुठल्या बाजूनं सुटतो ते बघून घ्या. जाळीसमोर एक पुठ्ठा उभा करा, पाना सटकला की सरळ जाळीत जातो.

फॅन निघाला की एक गोष्ट नक्की बघा. बऱ्याच गाड्यांत तेच चार बोल्ट फॅन आणि पुली दोन्ही धरतात. फॅन गेला म्हणजे मधली जाडी गेली, आता तेच बोल्ट परत लावले तर ते तळाला टेकतात, पाना घट्ट लागतो पण पुली सैलच राहते. तेवढ्या जाडीचे वॉशर टाका नाहीतर आखूड बोल्ट घ्या, आणि पुली हातानं हलवून बघा. पुली सैल राहिली तर वॉटर पंपाची बेअरिंग जाते, बेल्ट पण जातो.

शराउड आणि फिटिंग

फॅन जाळीला चिकटवून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधायची पद्धत आहे, पट्टी जाळीतून आरपार घालतात. करू नका. महिन्या-दोन महिन्यांत घासून घासून नळीला भोक पडतं. अॅल्युमिनियमच्या अँगलची चौकट करा, ती रेडिएटरच्या बाजूच्या पट्टीला बोल्टनं धरा, रबरी वॉशर टाकून.

आणि त्या चौकटीवर पत्र्याचा शराउड. हे सोडू नका, हातातले पैसे कमी असतील तर फॅन एक घ्या पण शराउड करा. नुसता फॅन जाळीला लावला तर हवा फक्त त्याच्या गोलातून येते, बाकी कोपरे तसेच गरम. पेटीसारखा शराउड असेल, जाळीपासून फॅन दोनेक इंच मागे, आणि चारही कडांना रबराची पट्टी लावून फटी बंद केल्या असतील, तर अख्ख्या जाळीतून हवा ओढली जाते. उरलेल्या पत्र्याला दोन-तीन चौकोनी खिडक्या कापून त्यावर ट्यूबच्या रबराचे पडदे लावा, वरून खिळवलेले, खालून मोकळे. फॅन चालू असला की ते ओढीनं बंद होतात, हायवेवर समोरची हवा आली की उघडतात. हे मी पहिल्या वेळी नव्हतं केलं आणि ऐंशीवर काटा आधीपेक्षा वर राहायला लागला होता, कारण पत्र्यानंच हवा अडवली होती.

वायरिंग

इथं घाई केली ती मला महागात पडली. पहिल्या वेळी दोन्ही फॅन एकाच रिलेवर (रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), वायर घरात पडलेली दीड एमएमची, फ्यूज ४० चा. दुसऱ्या दिवशी काटोल रोडवर फेटरीजवळ केबिनमध्ये वास आला, प्लास्टिक तापल्याचा. लिंबाखाली गाडी लावून बोनट उघडलं तर रिलेचं बेसच एका बाजूनं तपकिरी होऊन खाली ओघळलं होतं, ८७ नंबरच्या पिनेवर निळसर झाक आली होती आणि थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवतात ते धातूचं टोक) बोटानं धरताच निघून हातात आलं. फ्यूज मात्र शाबूत. मला ते तेव्हा कळलं नाही, काकांनी सांगितलं, फ्यूज फक्त करंट बघतो, सैल सांधा तापतो ते त्याला दिसत नाही.

तर आता जसं आहे तसं सांगतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक १० चौरस एमएमची वायर, बॅटरीपासून वितीभर अंतरावर ६० अँपिअरचा मेन फ्यूज. तिथून दोन वाटा, प्रत्येक फॅनला वेगळा ३० चा फ्यूज, वेगळा ४० अँपिअरचा रिले, ४ चौरस एमएमची वायर. रिलेत ३० नंबरला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून फॅनला. ८६ ला इग्निशनचा करंट, म्हणजे चावी बंद तर फॅन बंद, आणि ८५ टेम्परेचर स्विचला, जो गरम झाल्यावर अर्थ देतो. ८७ए नावाची पिन असेल तर मोकळी सोडा. थिंबल क्रिम्पिंगच्या पान्यानं दाबा, पक्कडीनं चेपू नका, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. फॅनची अर्थिंग पण तेवढ्याच जाड वायरनं चेसिसला, रंग खरवडून. रिले इंजिनपासून लांब, पिना खाली करून लावा म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

वायरिंग बरोबर झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे. फॅन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा, मग फॅनच्या सॉकेटवर बघा. अर्ध्या व्होल्टच्या आत फरक असेल तर ठीक. दीड-दोन व्होल्ट पडत असतील तर तेवढी वीज कुठंतरी सांध्यात तापून राहिली आहे, शोधा.

टेम्परेचर स्विच जाळीत खुपसायचा मिळतो तो नका घेऊ, आटेवाला घ्या आणि इंजिनमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होस पाइपात अॅडॉप्टर टाकून बसवा. अॅडॉप्टर रबराच्या मधे येतो म्हणून त्याला वेगळी अर्थ वायर लागते, ही विसरली की फॅन सुरूच होत नाही. माझा थर्मोस्टॅट ८२ डिग्रीचा आहे, पहिला फॅन ९२ ला चालू ८७ ला बंद, दुसरा ९७ ला. फॅन थर्मोस्टॅटच्या खालच्या आकड्यावर लावला तर तो कधी बंदच होणार नाही. एसी असेल तर कॉम्प्रेसर चालू होताच एक फॅन चालू व्हावा, तेवढी एक वायर वेगळी ओढा, पण मधे डायोड (करंट एकाच बाजूला जाऊ देणारा) टाका, नाहीतर करंट उलटा फिरून कॉम्प्रेसर आपोआप लागतो.

डॅशबोर्डवर दोन गोष्टी हव्यातच. फॅन चालू असल्याचा छोटा लाइट, त्याची वायर रिलेच्या ८७ वरून. आणि ऑटो-चालू-बंद असा तीन जागांचा स्विच. सेन्सर मेला तर हातानं चालू करता येतो, आणि पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलेलं असताना जायचीच वेळ आली तर आधी बंद करता येतो, कारण फिरती पाती पाण्यात शिरली की वाकून जाळीत घुसतात. पाण्यातून बाहेर आलात की लगेच ऑटोवर.

चालू करून बघणं

पहिल्यांदा हातानं चालू करा आणि कागद जाळीसमोर धरा. मी काट्याची पावती धरली होती, वजनकाट्यावर मिळते ती पातळ. पावती टपकन जाळीला चिकटली आणि हात सोडला तरी चिकटूनच राहिली, कोपऱ्यात नेली तिथं पण राहिली, तेव्हा कळलं शराउड काम करतोय. कागद उडून लांब गेला तर मोटरच्या वायरी उलट्या लागल्यात, अदलाबदल करा. उलटा फिरणारा फॅन आवाज करतो, करंट खातो, आणि पुढून येणाऱ्या हवेला ढकलत बसतो, नुसतं बघून पटकन लक्षात येत नाही.

मग कूलंट भरून, हवा काढून, गाडी आयडलवर ठेवा. वरचा पाइप गरम व्हायला लागला की थर्मोस्टॅट उघडला. पहिला फॅन लागला पाहिजे, काटा थोडा खाली येऊन फॅन बंद झाला पाहिजे, असं तीनदा होऊ द्या. त्यानंतर हेडलाइट, ब्लोअर, सगळं चालू करून बॅटरीवर व्होल्टेज बघा, आयडलला १३ च्या वर राहिलं तर अल्टरनेटर पुरतोय. १२.५ च्या खाली घसरत असेल तर नाही पुरत.

पहिले आठ दिवस रिकामी गाडी, मग अर्धा लोड. आठ दिवसांनी सगळे नट आणि थिंबल परत दाबून बघा, रिलेवर हात ठेवून बघा, कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर नाही. आणि खरी परीक्षा नवतप्यातच घ्या. माझी झाली ती मेच्या शेवटी, बाहेर पंचेचाळीसच्या वर, कळमन्याच्या लाइनीत पाऊण तास. दोन्ही फॅन जवळजवळ सारखे चालू होते, काटा अर्ध्याच्या एक रेघ वर जाऊन थांबला. लोड भरून जबलपूर रोडला मात्र मी अजून तिच्यावर भरवसा टाकलेला नाही, तिकडं दुसरी गाडी नेतो.

जुना फॅन भंगारात देऊ नका. व्हिस्कस असेल तर आडवा ठेवू नका, सिलिकॉन ऑइल झिरपतं, गाडीत असतो तसा उभा ठेवायचा. माझा घराच्या मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला आहे, त्याचे चार लांब बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवलेत.